फाल्गुनांतला डोह

माघ संपत आला कीं आमच्या कोपरगांवची गोदावरी, जिला आम्ही सारे गंगाच म्हणतों, अंग चोरूं लागते. भाद्रपदांत जिचा पूर पाहावयास अर्धें गांव काठावर लोटतें, तीच फाल्गुनांत ठिकठिकाणीं तुटते. मध्यें वाळू व खडक उघडे पडतात आणि पाणी राहतें तें डोहांत व बंधाऱ्यांच्या पाठीशीं. कोसन् कोस पसरलेले मासे या थोड्या पाण्यांत गोळा होतात. मग कोणी गळ घेऊन येतो, कोणी जाळें घेऊन येतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं (नांवें सांगत नाहीं, वर्गशिक्षकांस तीं ठाऊक आहेत) शनिवारीं सकाळची शाळा सुटतांच दप्तरासह तेथें हजर होतात.

या बाबतींत पालकांच्या दोन तक्रारी आमच्या कानीं येतात. नदी धोक्याची आहे ही पहिली. आणि मासे धरणें हें शिकणाऱ्या मुलाचें काम नव्हे ही दुसरी. पहिली तक्रार आम्ही अक्षरशः मान्य करतों. वाळू उपसल्यानें पात्रांत खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यांत चालणारा मुलगा पुढच्याच पावलाला बुडेल अशी स्थिति आहे, आणि पोहतां येणाऱ्या मोठ्या माणसावांचून कोणींही तेथें जाऊं नये. दुसरी तक्रार मात्र आम्हांस मुळींच पटत नाहीं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील मासे तपासून १८३९ सालीं त्यांना शास्त्रीय नांवें दिलीं, तेव्हां त्यानें कित्येक नांवें येथल्याच लोकांच्या तोंडून उचललीं. आमची शिंगटी आज जगाच्या ग्रंथांत ‘सींगटी’ म्हणून नांदते, आणि ‘कोलस’ व ‘खुद्री’ हींही अशींच दख्खनी नांवें लॅटिनच्या पंगतीला बसलीं आहेत. भोयाच्या मुखांतला शब्द जेथें पंडितांनीं शिरोधार्य मानला, तेथें भोयाचा धंदा आमच्या मुलांनीं जवळून पाहण्यांत कमीपणा कसला?

तेव्हां मुलांनीं मासे धरावे कीं नाहीं हा आमच्यापुढील प्रश्न नाहीं. या दिवसांत डोहांतून किती घ्यावें व कसें घ्यावें, हा आहे.

याच दिवसांत पृथ्वीच्या उत्तरेकडील थंड देशांत असाच एक प्रकार चालतो, आणि त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. तेथें पाणी आटत नाहीं, गोठतें. सरोवरावर हात दीड हात जाडीचा बर्फ धरतो. त्यावर माणसें चालतात, मोटारीदेखील नेतात. परंतु पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकलों आहों कीं पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें. म्हणून सरोवर वरून गोठतें आणि तळाशीं मासे सुखरूप राहतात. कोळी भल्या मोठ्या गिरमिटानें बर्फाला भोंक पाडतो, त्यांतून आमिष लावलेला गळ तळापर्यंत सोडतो आणि रात्रीच्या काळोखांत पेटीवर बसून राहतो. काळोखांत अशासाठीं, कीं ज्या माशाची तो वाट पाहतो तो रात्रींच हिंडतो. त्याचें नांव बर्बट. आमच्या वामेसारखा लांबट, बुळबुळीत, आणि हनुवटीला एकुलती एक मिशी. समुद्रांतल्या कॉड माशाच्या कुळांतला गोड्या पाण्यांत राहणारा हा एकटाच. फिनलंडांत त्याचें कालवण आणि त्याची गाबोळी हें हिंवाळ्यांतलें पक्वान्न आहे.

इतर बहुतेक मासे ऊब येण्याची वाट पाहतात. हा मात्र ऐन हिंवाळ्याच्या अखेरीस, बर्फाखालीं, गोठणबिंदूच्या जेमतेम वर असलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. मोठी मादी दहा लाखांहूनही अधिक अंडीं घालते. त्या वेळीं मासे उथळ जागीं एकत्र जमतात, आणि नेमके तेव्हांच ते सहज गळाला लागतात. कोळ्याचा सुकाळ तोच माशाच्या वंशाचा नाजूक काळ.

अमेरिकेंत कूटनाय नांवाची नदी आहे. तिच्यांत बर्बट विपुल होता. पुढें लिबी येथें मोठें धरण बांधलें गेलें व १९७० नंतरच्या दशकांत तें चालू झालें. विजेसाठीं हिंवाळ्यांत पाणी सोडूं लागल्यानें, जी नदी पूर्वीं त्या दिवसांत संथ व बर्फगार असे ती जोरानें व उबदार वाहूं लागली. बर्बटाला अंडीं घालण्यास हवी ती थंडी व तो संथपणा मिळेना. १९९२ सालीं आयडाहो संस्थानानें हा मासा धरण्यास बंदी केली. नुसत्या बंदीनें मासे परत आले नाहींत. धरणाच्या पाण्याचा विचार करावा लागला, कूटनाय आदिवासींनीं पिलें वाढवून नदींत सोडलीं, आणि २०१९ च्या जानेवारींत बंदी उठली. इंग्लंडांत एवढें नशीब नव्हतें. तेथें बर्बट सांपडल्याची शेवटची नोंद १९६९ ची आहे.

आतां आमच्या डोहाकडे परत येऊं. येथें माशांना एकत्र आणते ती थंडी नव्हे, पाण्याची टंचाई. आमचे बहुतेक मासे पावसाळ्यांत अंडीं घालतात. मरळ तर आपल्या पिलांच्या तांबूस थव्यावर पहारा करतो. परंतु त्या पावसाळ्यापर्यंत जे जगतात ते याच डोहांत जगतात. कुणब्याच्या घरीं बियाण्याची कणगी वेगळी असते. कितीही ओढ लागली तरी ती फोडीत नाहींत. फाल्गुनांतला डोह ही नदीची तशी कणगी होय.

लहानपणीं आम्हीं एका वृद्ध भोयाच्या मागें मागें पुष्कळ फिरलों आहों. तो कडेनें जाळें फेकी, बोटाएवढीं पोरें परत पाण्यांत टाकी, आणि डोहाच्या मधल्या काळ्या पाण्याकडे वळतही नसे. कां, असें विचारतां म्हणाला, “बाळा, तिथलं आषाढाचं हाय.” आम्हीं त्या वेळीं हंसलों होतों.

त्याच डोहांत पुढें आम्हीं सुरुंगाचा स्फोट झालेलाही पाहिला. पांढरीं पोटें वर करून लहानमोठे मासे एकजात तरंगत होते. त्यांतले हातीं आले त्यांच्यापेक्षां तळाशीं गेले तेच अधिक असावेत. सुरुंगानें वा विषानें मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरलें होतें. तरी कोठें विषारी पूड, कोठें विजेच्या तारा, असा नवा शहाणपणा चालूच असतो. याला मासेमारी म्हणूं नये. एका दुपारींत जें मरतें तें भरून यावयास किती पावसाळे लागतील कोण जाणे!

कोणी म्हणतील, मग सरसकट बंदीच करावी. आम्ही म्हणतों, नको. ज्याची भाकर नदीवर आहे त्याच्या हातचें जाळें काढून घ्यावयाचें आणि नदी कोरडी कां पडते हें विचारावयाचेंच नाहीं, हा न्याय नव्हे. वर नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशीं गोदावरीचें पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळतें. त्या कालव्यांनीं आमच्या तालुक्याला ऊस दिला. त्यांतल्या कित्येक घरांची मुलें या शाळेंत शिकतात. आम्ही कालव्यांस नांवें ठेवीत नाहीं. परंतु आवर्तनाचा हिशेब मांडतांना नदीच्या पात्रांतल्या डोहांचाही एक वाटा त्यांत धरावा, एवढें मागण्यास बागायतदार पालकांनींच पुढें यावें अशी आमची इच्छा आहे. कूटनायच्या लोकांस तें करावें लागलें.

आणि मुलांनीं? त्यांनीं गळ खुशाल आणावा. एका गळाला एका वेळीं एकच मासा लागतो, हा त्या हत्याराचा मोठा गुण आहे. लहान मासा सोडावा, तोही ओल्या हातानें, म्हणजे त्याचें अंग सोलवटत नाहीं. मधलें काळें पाणी तसेंच राहूं द्यावें. काठावर कोणी पूड किंवा तार घेऊन आला तर त्याच्याशीं भांडूं नये, घरीं येऊन मोठ्यांस सांगावें. गांडुळें मात्र ज्याची त्यानें आपल्या परसांतलीं आणावींत. शाळेची बाग त्यासाठीं खणूं नये, अशी माळीबुवांची विनंति आहे.