समूह शाळा आणि गावाचा हिशेब

दरवर्षी जून महिन्यात आपल्या विद्यालयाच्या कार्यालयासमोर प्रवेशासाठी आलेल्या पालकांची रांग लागते. अलीकडे त्या रांगेत सहा-सात वर्षांच्या लेकराचे बोट धरून उभी असलेली एखादी आई हमखास दिसते. आपले वसतिगृह पाचवीपासून आहे हे तिला ठाऊक असते. तरीही ती विचारते, "सर, एवढ्याला ठेवून घेता का? आमच्या वस्तीवरची शाळा उठली." बाजार उठतो, पंगत उठते, हे मी आजवर ऐकले होते. शाळाही उठते, हे त्या माउलीच्या तोंडून प्रथम ऐकले.

कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार नवा नाही. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या 1,314 शाळांतील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविण्यात आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही त्यासाठीची आदर्श उदाहरणे म्हणून पुढे ठेवण्यात आली. अशा शाळांची संख्या तेव्हा 14,783 सांगितली गेली, विद्यार्थी सुमारे 1 लाख 85 हजार आणि शिक्षक 29 हजारांहून अधिक. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. शाळा बंद होणार नाहीत, असे खुलासेही वेळोवेळी झाले. परंतु विचार मागे घेतला गेलेला नाही, आणि ज्या वस्तीवरची शाळा एकदा गेली तिला खुलाशाचा काय उपयोग?

या विचारात तथ्यच नाही, असे मी म्हणणार नाही. तीस वर्षे खडू हातात धरलेला माणूस तसे म्हणू शकत नाही. चार इयत्ता, एक खोली आणि दोनांपैकी एक गुरुजी कायम बैठकीला किंवा याद्यांच्या कामाला, ही अवस्था मी पाहिली आहे. सहा मुलांत खो-खोचा संघ होत नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगसाहित्य, मैदान आणि विषयाचा शिक्षक मिळतो. लेकरांना हे सर्व मिळावे, याविषयी वाद नाही. माझा आक्षेप 'बचत' या शब्दाला आहे.

बचत नेमकी कशात होते? लहान शाळेचा मोठा खर्च शिक्षकांच्या वेतनाचा. शाळा बंद झाली म्हणून शिक्षक घरी जात नाही. त्याचे दुसरीकडे समायोजन होते आणि वेतन पूर्वीप्रमाणेच चालू राहते. जी बचत होते ती तो निवृत्त झाल्यावर, त्याचे पद पुन्हा न भरल्यामुळे. अध्यापन पदविका घेऊन वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारी आपल्याच समाजातील मुले-मुली ही या बचतीची पहिली किंमत आहेत. दोन खोल्यांची इमारत तशीच उभी राहते. त्या जागेसाठी कुणीतरी जमीन दिलेली असते, पायासाठी दगड वाहिलेले असतात, रंगरंगोटीला आणि टीव्ही संचाला गावाने वर्गणी दिलेली असते. त्यातला एकही रुपया परत येत नाही. आहार शिजविणाऱ्या बाईचे मानधन थांबते. ती बहुधा त्याच वस्तीतली, बहुधा विधवा वा परित्यक्ता असते.

आणि उरलेला खर्च नाहीसा होत नाही. तो शासनाच्या वहीतून निघून घराच्या वहीत जातो. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा वर्षात किमान 200 दिवस चालली पाहिजे. काळीपिवळीचे जाण्यायेण्याचे रोज वीस रुपये धरले, तरी एका मुलाचे वर्षाचे 4,000 होतात, दोघांचे 8,000. भूमिहीन मजुराच्या घरात ही रक्कम थोडी नव्हे. वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, हे खरे. पण गाडीवाला रोज पैसे मागतो आणि भत्ता रोज येत नाही. जिथे गाडीच जात नाही तिथे आई किंवा आजी सोबत चालत जाते आणि तिचा अर्धा रोज बुडतो. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण तो पाचवीपासून. पहिली ते चौथीची मुलगी आपल्याच गावात चालत शाळेत जाईल, हे त्या योजनेनेही गृहीत धरले होते. आपल्या राज्याच्या नियमांतही पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला म्हणजे एक किलोमीटरही पुरेसे लांब असते. मग घरात निर्णय होतो: थोरला जाईल, धाकटी पुढच्या वर्षी पाहू.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या प्रकरणात एक जुनी ओळख पटते. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. पैसा रयतेकडून निघाला. शाळा कुठे निघाल्या? 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. इलाख्यातील सुमारे नऊदशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, राज्याचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी सरकारला ऐकविले. लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावा, ही त्यांची मागणी होती. तक्रार करून ते थांबले नाहीत. आकडा मांडून त्यांनी वाटा मागितला. पुढे मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना बाबासाहेबांनी तोच धागा उचलला. अबकारी करातून लोकांकडून जितके घेता तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. आणि शिक्षण खाते हे 'इतके दिले, तितके घेतले' या व्यवहाराने चालविण्याचे खाते नव्हे, हेही सांगितले.

कुणी म्हणेल, शिक्षण व्यवहाराने मोजायचे नसेल तर आपण तरी जमाखर्च का मांडावा? त्याचे उत्तर साधे आहे. वही आधी शासनाने उघडली. उघडलीच आहे, तर तिची दोन्ही पाने वाचली जावीत.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर केला. तेथे शाळा चालविणारे स्थानिक 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असतात. 1939-40 साली त्यांची संख्या 1 लाख 17 हजारांच्या घरात होती. 1970-71 पर्यंत ती 18 हजारांच्या आत आली. अगदी लहान डिस्ट्रिक्ट एकत्र केल्यावर खर्च घटतो, पण आकार वाढत गेला की फायदा झपाट्याने आटतो, असे तेथील अभ्यासकांना आढळले. तुलना तंतोतंत लागू पडत नाही, कारण तेथील शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. मात्र न्यूयॉर्कसारख्या राज्यात असे विलीनीकरण करण्यापूर्वी तेथील मतदारांचा कौल घ्यावा लागतो. आपल्याकडे घरपट्टी भरणाऱ्या, महसुलावरचा उपकर देणाऱ्या आणि बाजारातल्या प्रत्येक वस्तूवर कर मोजणाऱ्या गावाला पत्र येते.

येथे एक अडचणीचा प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. आपले विद्यालय तरी वेगळे काय करते? आपणही साठ-सत्तर गावांतून मुले एकत्र आणतो आणि त्याचा अभिमान या स्मरणिकेच्या पानापानांवर आहे. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला. 1925 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले ते खेड्यात माध्यमिक शाळा नव्हती म्हणून. गावची शाळा संपते तिथे वसतिगृह सुरू होते. दहा-अकरा वर्षांचे मूल ताट धुऊ शकते, पत्र लिहू शकते, रात्री रडले तर सकाळी सांगू शकते. सहा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, कितीही चांगले अन्न आणि कितीही चांगला शिक्षक आपण दिला तरी. म्हणून त्या आईला मी दरवर्षी 'नाही' म्हणतो. ती उन्हात परत जाते, तेव्हा माझे ते 'नाही' मला योग्यच वाटते आणि तरी बरे वाटत नाही.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज सरपंच आहेत, ग्रामपंचायतीत आहेत, शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांच्याकडे माझे एक काम आहे. आपल्या गावाची वा वस्तीची शाळा हलविण्याचे पत्र आले, तर ग्रामसभेत भाषण नंतर करा. आधी एक कागद मांडा. शाळेची जागा कुणी दिली, बांधकामाला आणि दुरुस्तीला गावाने आजवर किती दिले, नव्या शाळेपर्यंतचे अंतर पावसाळ्यात किती पडते, रोजचे भाडे किती आणि कोण भरणार, किती आयांचा रोज बुडणार, किती मुली चौथीच्या आत घरी बसतील. हे आकडे वस्तीवर एका संध्याकाळी गोळा होतात. नवी शाळा खरोखर चांगली असेल आणि हा सर्व भार शासन लेखी घेत असेल, तर मुले जरूर पाठवावीत. नसेल, तर तो कागद इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि त्याची एक प्रत माझ्याकडेही पाठवावी. जूनमध्ये रांगेतल्या त्या आईला दाखवायला माझ्याजवळ काहीतरी असेल.