सहा-आठ भेटींचे मोल

आज, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतील, कचेऱ्यांत एखादे व्याख्यान होईल आणि ‘मन मोकळे करा’ हा सल्ला सगळ्यांना फुकट मिळेल. १९९२पासून हा दिवस पाळला जातो. एवढ्या वर्षांत नैराश्याबद्दल उघडपणे बोलण्याची सोय झाली, निदान शहरांत तरी. पण मन मोकळे करायचे कुणापाशी आणि ते केल्यावर पुढे काय, हे प्रश्न जिथल्या तिथे आहेत.

घरात ऐकणारी माणसे असतात. पण ती ऐकता ऐकताच तोडगा काढायला बसतात. ‘एवढं काय मनावर घ्यायचं’, ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’. जीव लावणाऱ्यांनाच आपल्या माणसाचे दुःख फार वेळ बघवत नाही, त्यातून ही घाई येते. मानसोपचारकाच्या खोलीत आई दुखावेल, नवरा चिडेल हा हिशेब करावा लागत नाही, आणि तिथल्या ऐकण्याला पद्धत असते. उदाहरणार्थ, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९०पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्याला परके नाही. ते गावापर्यंत पोचलेले नाही, ही खरी अडचण.

ते पोचवता येते हे शेजारच्या गोव्याने दाखवून दिले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांची ‘संगथ’ ही संस्था यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा संवादोपचार दिला गेला. देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. या क्षेत्राची कोणतीही पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी तो दिला. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

या भेटींत काय होत असेल? एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. झोप लागत नाही, अंग दुखते म्हणून ती केंद्रात आलेली. बाजारात जाणे तिने सोडले आहे, भजनाला जाणे सोडले आहे, शेजारीण हाक मारते तेव्हा ती आतून ‘डोकं दुखतंय’ म्हणते. तेवढ्यापुरते बरे वाटते. मग कामे साठतात, त्यांची टोचणी लागते आणि दुसऱ्या दिवशी उठणेच नको होते. समुपदेशक तिला ‘उदास राहू नका’ असे सांगत नाही. आठवडाभर दिवसाच्या कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा कसे वाटले, याची नोंद ठेवायला सांगतो. लिहिता येत नसेल तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांवर खूण करायची. पुढच्या भेटीत दोघे मिळून ती नोंद वाचतात. मंगळवारी संध्याकाळी शेजारणीकडे दहा मिनिटे बसली तेव्हा चेहरा जरा बरा होता, हे तिलाच दिसते. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच काम ठरते: दोनदा शेजारणीकडे जायचे, मन नसले तरी. मन तयार होण्याची वाट पाहत बसायचे नाही, हे या उपचाराचे मर्म. काही भेटींनंतर आपण काय टाळतो हे ती स्वतःच ओळखू लागते; कदाचित जावेशी रखडलेले बोलणेही काढते. भेटी संपतात, पद्धत तिच्याकडे राहते.

मात्र भाबडेपणा नको. डोक्यावरचे कर्ज कोणताही समुपदेशक फेडत नाही, आणि तीव्र मनोविकारांना औषधे लागतातच. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सहनशीलता शिकवणारा समुपदेशक तर अपायच करतो. दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावणारेही कमी नाहीत. गोव्यात समुपदेशक एकमेकांच्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत, चुका दाखवत. त्या प्रयोगातला हा भाग सगळ्यांत कंटाळवाणा, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा.

बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांत उपचारांविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. २०२२मध्ये १० ऑक्टोबरलाच १४४१६ या क्रमांकाची टेलि-मानस सेवा सुरू झाली. रात्री-अपरात्री ती आधार देते. पण ओळखीच्या माणसासमोर आठवड्यामागून आठवडे बसणे फोनवर सहज होत नाही, आणि शहरात तासाला हजार-दोन हजार मोजणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हे कामही आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकण्याचा मोह सरकारने आवरावा. पद स्वतंत्र असावे, पगारी असावे, आणि त्या समुपदेशकाचे काम ऐकून तपासणारा अनुभवी पर्यवेक्षक तालुक्याला नेमलेला असावा.