‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय? पीक विम्याच्या रांगेमागचं गणित

जुलै २०२३. राज्यात पहिल्यांदाच एक रुपयात पीक विमा मिळत होता आणि ३१ जुलै ही शेवटची तारीख होती. अकोला-अमरावतीच्या सोयाबीन-कापूस पट्ट्यासह राज्यभर सेवा केंद्रांवर गर्दी उसळली, पोर्टल रखडलं. शेवटी मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अर्ज आले दीड कोटींहून जास्त.

अशा वेळी मागणी एकच असते, सर्व्हर वाढवा. पण कोंडी अनेकदा सर्व्हरच्या मागे, डेटाबेसच्या दारात होते.

प्रत्येक अर्ज डेटाबेसमध्ये लिहावा लागतो. त्यासाठी दर वेळी नवं कनेक्शन उघडणं वेळखाऊ असतं. म्हणून काही कनेक्शन आधीच उघडून ठेवतात. अर्ज आला की एक घ्यायचं, काम झालं की परत करायचं. हाच कनेक्शन पूल. बाजार समितीतल्या काट्यांसारखं समजा.

जावामध्ये सर्रास वापरलं जाणारं हिकारीसीपी, वेगळं काही सांगितलं नाही तर, १० कनेक्शन धरतं आणि ३० सेकंदांत मोकळं मिळालं नाही तर एरर देतं. दहा म्हणजे कमी वाटतात? एका कामाला ५० मिलिसेकंद लागले तर सेकंदाला २०० कामं उरकतात. तेच काम २ सेकंदांवर गेलं, की फक्त ५.

मग हजार कनेक्शन का नाही ठेवत? काटे पन्नास लावले आणि मापारी चारच असले तर काय होईल, तेच होतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो आणि मुळात १०० चीच मर्यादा ठेवतो. शिवाय प्रत्येक सर्व्हरचा पूल स्वतंत्र असतो. २० सर्व्हर, प्रत्येकी १० कनेक्शन, म्हणजे २००. मर्यादा तिथेच ओलांडली. सर्व्हर वाढवले आणि साईट जास्तच आपटली, असं होतं ते यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच. कनेक्शन हातात धरून आधार किंवा सातबाराच्या यंत्रणेला विचारत बसायचं. म्हणजे ट्रॅक्टर काट्यावर उभा करून कागद आणायला घरी जायचं! समोरून उत्तर यायला ५ सेकंद लागले तर दहा कनेक्शनवर सेकंदाला २ अर्ज. उपाय साधा आहे: आधी विचारून घ्या, मग कनेक्शन घ्या. आणि वैतागून दाबलेलं रिफ्रेश? जुनी विनंती बऱ्याचदा रांगेतच राहते, मागे नवी उभी राहते.

हा प्रश्न फक्त अर्जापुरता नव्हता. २०२५ च्या खरिपाआधी अतिवृष्टीनं पीक गेलं तर ७२ तासांत कळवावं लागायचं. आख्ख्या तालुक्यात एकाच रात्री पाऊस झाला की सगळे एकाच सकाळी ॲप उघडायचे.

२०२५ च्या खरिपात एक रुपयाची सवलत गेली. सोयाबीनला २ टक्क्यांपर्यंत, कापसाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला. ३१ जुलैची मुदत मात्र तेव्हाही वाढवावी लागली, १४ ऑगस्टपर्यंत.