साहसाची जाहिरात, सुरक्षेची उपेक्षा

केंद्र सरकारने २०१८ हे साहसी पर्यटनाचे वर्ष म्हणून घोषित केले आणि पुढच्याच वर्षी १३७ हिमशिखरे परदेशी गिर्यारोहकांना खुली झाली. हिमालय आणि सह्याद्री लाभलेल्या देशाने हे याआधीच करावयास हवे होते. परंतु १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यात केरी येथे पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि तिचा प्रशिक्षक दोघेही प्राणास मुकले. आयोजकाकडे परवानाच नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. भरदिवसा डोंगरमाथ्यावरून होणारी उड्डाणे प्रशासनाच्या दृष्टीस कधीच पडली नाहीत, यावर विश्वास कसा ठेवावा?

न्यूझीलंडमध्ये कावाराऊ पुलावरून व्यावसायिक बंजी उड्या १९८८ मध्ये सुरू झाल्या. पुढे अपघातांनी धडा दिला, तेव्हा २०११ च्या नियमांनी सुरक्षा-तपासणी व नोंदणी बंधनकारक केली. तरीही २०१९ मध्ये व्हाकारी ज्वालामुखीच्या उद्रेकाने २२ बळी घेतले. मात्र तेथे सहलींच्या आयोजकांना न्यायालयात उभे राहावे लागले.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात नोंदणी आहे, सुरक्षेचे निकषही आहेत. कागद उत्तमच! प्रत्यक्षात सह्याद्रीत कोणी कड्यावरून कोसळले, की अनेकदा पदरमोड करून, स्वतःचे दोर घेऊन धावतात ते स्वयंसेवी गिर्यारोहक. त्यांच्या साधनांसाठी, विम्यासाठी आणि जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी अंदाजपत्रकात किती तरतूद आहे, हे पर्यटन खात्याने नवी जाहिरात देण्यापूर्वी सांगावे.