टोळीबरोबर चरबीची गोळीही जाते

प्रति,
मा. पदाधिकारी,
गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ



दिवाळी झाली की आमच्या धारूर-वडवणीकडच्या टोळ्या गाड्या भरतात. भांडीकुंडी, ज्वारी, लेकरं आणि हल्ली काहींच्या पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्याही. माझं इथं औषधाचं दुकान आहे, म्हणून हे दिसतं.

महात्मा फुले योजनेतून ॲन्जिओप्लास्टी झालेला माणूसही फडात जातो. डॉक्टर नको म्हणतात, पण मुकादमाची उचल फेडायची असते. त्याला चरबीची गोळी, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन, 40 किंवा 80 मिलिग्रॅम रोज लागते आणि ती हवीच. घोळ पुढं होतो. गेल्या हंगामानंतर एकानं काउंटरवर दोन पट्ट्या ठेवल्या. "ही चरबीची, ही रक्त पातळ व्हायची." दुसरी कॅप्सूल ऊसपट्ट्यातल्या दवाखान्यातली. मागचा बारीक इंग्रजी मजकूर वाचला, तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत तिच्यातही ॲटोरव्हास्टॅटिन. कंपनी वेगळी, नाव वेगळं, औषध तेच. डोस दुप्पट केला तर वाईट कोलेस्टेरॉल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं. त्रासाची शक्यता मात्र वाढते.

गजकर्णाचंही तसंच. घामानं मांड्यांत गजकर्ण होतं, कुणीतरी इट्राकोनॅझोल देतं. त्यानं ॲटोरव्हास्टॅटिन रक्तात साचतं, म्हणून सोबत 20 मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. पण चरबीची गोळी चालू आहे हे देणाऱ्याला कोण सांगणार?

ॲटोरव्हास्टॅटिनचा नेहमीचा त्रास म्हणजे स्नायूंचं दुखणं. आता फडात कुणाचं अंग दुखत नाही? म्हणून खूण नेमकी सांगावी लागेल. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे एकदम दुखायला लागले, उकिडवं बसल्यावर उठवेना, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर पाणी कमी प्यालो म्हणून सोडून देऊ नये. क्वचितच होतं, पण स्नायू विरघळून मूत्रपिंडावर येतं. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, वर दुखणं मारायची गोळी घ्यायची नाही.

उलट, साध्या अंगदुखीला घाबरून गोळी परस्पर सोडणंही स्टेंटवाल्याला महागात पडतं. 2020 साली लंडनच्या संशोधकांनी त्रासामुळं या गटातली गोळी सोडलेल्या 60 जणांना आलटून पालटून खरी आणि खोटी गोळी दिली. खोट्या गोळीवरही त्रास जवळपास नव्वद टक्के तेवढाच. त्रासात भीतीचाही वाटा असतो, हे आपल्या आरोग्य शिबिरांत कुणी बोलत नाही. तिथं बीपी, शुगर बघतात आणि गाडी पुढं.

कामगारांना ओळखपत्रं दिली जातात. त्यासोबत एक कार्ड द्या. मराठीत औषधाचं मूळ नाव, दिवसाचा एकूण डोस, कधीपासून चालू आणि वरच्या खुणा. टोळी निघण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात ते भरून घ्यावं, तेव्हाच यकृतासाठी एसजीपीटी तपासावं. दुखणं असेल तर स्नायूंसाठी सीपीकेसुद्धा, फक्त ऊसतोडीनंही सीपीके चढतं हे ध्यानात ठेवून. बेळगावकडं जाणाऱ्यांच्या कार्डावर मागच्या बाजूला कन्नड असू द्या.

आपला,
एक औषध विक्रेता, ता. धारूर, जि. बीड