भिंतीवरची अक्षरे, खिशातला कॅमेरा

1858 साली मद्रास इलाख्याचे सरकारी छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेख टिपले. 21 छायाचित्रे जोडून त्यांनी सुमारे 19 फूट लांबीचे एकच चित्र तयार केले. आज ती सोय ‘पॅनोरमा’ या नावाने स्मार्टफोनमध्ये आहे.

याच मंदिरात मराठीचाही मोठा ठेवा आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथल्या भिंतींवर देवनागरीत कोरून घेतला.

असे लेख टिपायला महागडा कॅमेरा लागत नाही. फ्लॅश बंद ठेवावा. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव अक्षरे उठून दिसतात. फोन भिंतीला समांतर धरावा आणि प्रत्येक छायाचित्रात आधीच्या मजकुराचा थोडा भाग घ्यावा, म्हणजे ओळ तुटत नाही. अक्षरांवर खडू किंवा पाणी मात्र कधीही लावू नये.

रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांनी आपल्या बैठकीत स्मार्टफोन छायाचित्रणावर एक व्याख्यान जरूर ठेवावे. त्यानंतरच्या रविवारी सभासदांनी गावातल्या वीरगळांपाशी, शिलालेखांपाशी जावे. आणि वाचकहो, प्रत्येक छायाचित्रासोबत ठिकाण आणि तारीख नक्की लिहून ठेवा.