व्याख्यान फुकट आहे, उस्ताद कुठे आहे?

‘यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय. शिकायचं असेल तर कोण अडवतंय?’ हे वाक्य मी लग्नाच्या मंडपात ऐकलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं आणि परवा एका ट्रस्टच्या बैठकीतही ऐकलं. बोलणारे सगळे शिकलेले होते. त्यांच्या मुलांना क्लास आहेत, घरात एखादा इंजिनिअर मामा आहे. ज्यांच्या घरात असं कुणी नाही, त्यांच्या मुलांना मात्र हे लोक ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात.

मी नाशिकमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटर माझा विषय नाही. तरी लिहितोय, कारण माझा एक जुना विद्यार्थी.

उर्दू माध्यमातून दहावी झालेला हा मुलगा पुढे बीसीएला गेला. मोबाईल अ‍ॅप बनवण्याचा विषय त्याने हौसेने घेतला. कॉलेजात स्लाइड वाचून दाखवल्या गेल्या, कोडची झेरॉक्स मिळाली, जर्नल सीनियरच्या वहीवरून उतरलं. सबमिशन झालं, मार्कही बरे पडले. आपल्याला काही येत नाही हे त्याला कळत होतं, म्हणून तो घरी मोबाईलवर आयआयटीची प्रोग्रामिंगची व्याख्यानं बघू लागला. दोनशे पानी वही भरली. एक दिवस माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, सुनने तक सब समझता है. बनाने बैठा तो हाथ नहीं चलता.’ आज तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काचा बदलतो. ते कामही हुनराचं आहे, त्यात कमीपणा नाही. पण त्याला फोनच्या आतलं बनवायचं होतं.

हा मुलगा आळशी होता, असं मला कुणी सांगू नये.

फुकट व्याख्यानांचे उपकार मी नाकारत नाही. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ पासून ‘एनपीटेल’ उभं केलं, २०१७ मध्ये ‘स्वयम’ आलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००९ मध्ये आयफोनची अ‍ॅप कशी बनवायची हा आपला वर्गातला कोर्सच चित्रित करून फुकट वाटला. सात आठवड्यांत तो दहा लाख वेळा डाउनलोड झाला. दार उघडलं, हे खरंच.

पण त्या दारातून काय बाहेर आलं? स्टॅनफर्डच्या वर्गातल्या मुलाला व्याख्यानाबरोबर आणखी बरंच काही मिळतं. शंका सोडवायला सहायक असतात, दर आठवड्याला करून आणायचं काम असतं, ते तपासणारं कुणी असतं, रात्री अडलं तर विचारायला शेजारच्या खोलीतला मित्र असतो. कॅमेऱ्यात यातलं फक्त व्याख्यान आलं. आपण ते बघतो आणि म्हणतो, आता तुझ्यात आणि त्याच्यात फरक नाही.

फरक यंत्रापासून सुरू होतो. आयफोनचं अ‍ॅप बनवायचं तर अ‍ॅपलचाच संगणक लागतो, कारण त्यांचं ‘एक्सकोड’ दुसऱ्या कशावर चालत नाही. अँड्रॉइड त्या मानाने स्वस्त, पण ‘अँड्रॉइड स्टुडिओ’लाही किमान ८ जीबी रॅम हवी. मोबाईलवर व्याख्यान बघणारा मुलगा इथेच बाद होतो. शिवाय हा विषय शिळा फार लवकर होतो. २०१४ च्या आधीच्या व्याख्यानात मास्तर ‘एक्लिप्स’मध्ये काम करताना दिसतात. त्या वर्षाच्या शेवटी अँड्रॉइड स्टुडिओ पक्कं झालं. २०१९ मध्ये गुगलने जावाऐवजी कोटलिन भाषेला पहिलं स्थान दिलं. कुठलं व्याख्यान ताजं आणि कुठलं शिळं, हे घरी एकट्या बसलेल्या पोराला कोण सांगणार?

यावर लगेच अलवरच्या इम्रान खान यांचं नाव पुढे येतं. राजस्थानातल्या संस्कृत शाळेत गणित शिकवणाऱ्या या शिक्षकाने कॉम्प्युटरची पदवी नसताना पन्नासच्या वर शैक्षणिक अ‍ॅप बनवली आणि फुकट दिली. २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये पंतप्रधानांनी त्यांचं नाव घेतलं. मला त्यांचा अभिमान आहे. पण विहिरीत ढकललेल्यांपैकी एकजण पोहून वर आला, म्हणून पोहायला शिकवायची गरज नाही असं ठरत नाही.

दुसरा सल्ला असतो, ‘आधी इंग्रजी शिका.’ जरूर शिका. पण अडतं ते दर वेळी इंग्रजीपाशीच नाही. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला की समोरचा पडदा मोडून नव्याने उभा राहतो, आणि जपून ठेवली नसेल तर माहिती जाते. इंग्रजी व्याख्यानात याला ‘लाइफसायकल’ म्हणतात आणि मुलं ते पाठ करतात. मी म्हटलं, ‘पाटी पुसून परत तीच पाटी हातात दिली, समजा. जुना हिशोब आधी वहीत उतरवायला नको का?’ मुलांना पटकन कळलं. बीएडला आम्ही ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकलं होतं. ते इतिहास-भूगोलापुरतंच असावं, असं कुठे लिहिलंय?

उलट आपल्या मुलांकडे एक जास्तीची गोष्ट आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. अँड्रॉइडमध्ये त्याची नीट सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीत आली. तेव्हापासून बटणाची जागा ‘लेफ्ट-राइट’ अशी न सांगता ‘स्टार्ट-एंड’ अशी सांगायची असते, म्हणजे भाषा बदलली की पडदा आपोआप उलटतो. नस्तालिक अक्षरं उतरत्या चालीची असतात, त्यामुळे ओळीला उंची कमी पडली तर ती कापली जातात. ही चूक इंग्रजी शाळेतल्या हुशार मुलाला दिसणारही नाही. मालेगावच्या उर्दू शाळेतल्या मुलीला ती पहिल्या नजरेत दिसेल. तिची भाषा तिची अडचण आहे, असं आपणच तिला शिकवत आलो.

मग करायचं काय? उत्तर आपल्या नाशिकमध्येच आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये इथे उभं राहिलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. पण ते पुस्तकं घरी पाठवून थांबलं नाही. गावोगावी अभ्यासकेंद्रं काढली, तिथे संमंत्रक बसवले. घरी वाचणाऱ्यालाही विचारायला माणूस लागतो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

आपल्या ट्रस्टना हे कळत नाही. मोफत कोर्सचं उद्घाटन होतं, हार-तुरे होतात, शेवटी सर्टिफिकेट वाटताना फोटो निघतो. कितीजणांनी स्वतः काही बनवलं, हे कुणी विचारत नाही. आणि आम्ही शिक्षक? शाळेच्या कॉम्प्युटर रूमची चावी हेडमास्तरांच्या कपाटात, आणि रविवारी रूमला कुलूप.

ते कुलूप रविवारी दोन तास उघडा. दहा-बारा मुलं, एक व्याख्यान. दर पाच मिनिटांनी ते थांबवायचं आणि ऐकलेलं तिथेच करून बघायचं. मोहल्ल्यात नोकरीला लागलेला एखादा इंजिनिअर असतोच. त्याच्याकडे चंदा मागू नका, महिन्यातले दोन रविवार मागा. पहिलं अ‍ॅप शाळेच्या वेळापत्रकाचं असू द्या, मराठीत आणि उर्दूत. सर्टिफिकेट देऊच नका. मुलाच्या अम्मीच्या फोनवर ते अ‍ॅप चाललं पाहिजे, एवढीच परीक्षा.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान ‘सगळं फुकट आहे’ हे वाक्य तरी बंद करावं. काचा बदलणाऱ्या त्या मुलाने ते खूप ऐकलंय.